कोंबड्यांच्या खुराड्यातला भुंगा

होल्गरच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा गावानं रीतीप्रमाणे त्याच्या दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधली, आणि विलीनं त्या फांद्यांच्या आत सुकवलेले हेरिंग मासे खोचून ठेवले. कमान आठवडाभर उतरवायची नसते. आठवडाभर पंचक्रोशीतली मांजरं होल्गरच्या पायरीवर मुक्कामाला होती. काम कुणाचं ते होल्गरला पक्कं ठाऊक होतं, पण सिद्ध कसं करणार? मांजरं काही साक्षीला येत नाहीत.

आता विलीची पाळी होती. मे महिन्याच्या अखेरीला विली आणि आस्टाच्या लग्नाची पंचविशी होती आणि कमान बांधायचा मान आमच्याकडे शेजाऱ्याचा असतो. विलीचा शेजारी कोण, तर होल्गर.

एवढंच असतं तर विलीनं मजेत घेतलं असतं. पण मध्ये मोटरसायकल आली.

मोटरसायकल म्हणजे निम्बस, साइडकारवाली. चालू झाली की अशी घुमते की सगळा देश तिला भुंगाच म्हणतो. आस्टाचे वडील लॉरिट्स गावोगावची धुरांडी झाडायचे, ते याच गाडीवरून. साइडकारमध्ये शिडी आणि ब्रश, डोक्यावर धुरांडीवाल्यांची काळी उंच टोपी. लग्नाच्या दिवशी विलीनं आस्टाला चर्चमधून नेलं तेही ह्याच गाडीवरून. पुढे लॉरिट्सचे गुडघे गेले, गाडी विकली, ती ह्याच्याकडून त्याच्याकडे जात जात कुठं गडप झाली कुणालाच पत्ता नाही.

सापडली ती एका शेतकऱ्याच्या खुराड्यात. विली तिथं अंडी आणायला गेला होता. बघतो तर कोंबडी साइडकारमध्ये अंडी उबवत बसलेली, आणि साइडकारच्या कडेला ब्रश अडकवायचा तो लोखंडी आकडा, लॉरिट्सनं स्वतः ठोकलेला. विलीनं चेहरा असा ठेवला की जणू भंगार बघतोय. खुराड्याचं छप्पर गळत होतं. विलीनं ते नवं करून दिलं, बदल्यात गाडी घेतली. शेतकरी खूश होता की बला टळली. कोंबडी तेवढी साइडकारमधून उतरेना, म्हणून तीही पदरात पडली.

लॉरिट्सना गाडी दाखवली तेव्हा म्हातारा आकड्यावरून अंगठा फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "चालू होईल तेव्हा सांग. लवकर झाली तर बरं, मी काही नवा राहिलेलो नाही."

आता होल्गर. होल्गरकडे तीन निम्बस होत्या. तिन्ही त्यानं राजधानीतल्या कारागिरांकडून करून आणलेल्या, अशा चकचकीत की त्यांत बघून दाढी करावी. पाऊस सोडाच, नुसतं आभाळ आलं तरी त्या बाहेर निघत नसत. चौथी म्हणून त्याला धुरांडीवाल्याची गाडी हवी होती. तो विलीकडे आला, गंजाकडे बघून हळहळला आणि म्हणाला की फेरीबोटीच्या इंजिनात तेल ओतणाऱ्या माणसानं असल्या नाजूक कामात पडू नये, वाटेल ती किंमत सांग. विलीनं किंमत सांगितली नाही. कॉफी पाजली आणि बिस्किटांची बशी उचलून घेतली.

पण बंदरावरच्या गुत्त्यात होल्गरनं त्याला गाठलंच. चारचौघांत विचारलं, भुंगा कधी उडणार, का कोंबडीच उडणार? लोक हसले. आणि विलीची जीभ, जी आयुष्यभर दुसऱ्यांना गोत्यात आणत आली होती, तिनं पहिल्यांदाच मालकाला गाठलं. विली म्हणाला, लग्नाच्या पंचविशीला सकाळी सहाला तुम्ही दाराशी गाणं म्हणायला येता ना, गाणं संपायच्या आत आस्टाला मागं बसवून गाडी घरासमोर चालू नसली, तर घेऊन जा. आणि असली, तर होल्गर, तू चांगला सूट घालून साइडकारमध्ये बसायचं, कोंबडी मांडीवर घ्यायची आणि गावाला फेरी मारायची.

होल्गरनं तिथल्या तिथं हातावर हात मारला.

आस्टाला हे केटीकडून कळलं. केटी समोर राहायची. बातमी तिच्या घरात शिरली की दुसऱ्या दारानं धावत सुटायची. आस्टा आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. तिनं बटाटे सोलता सोलता विचारलं, "गाडी कुणाची लावलीस पैजेला?"

"आपली."

"बाबांची," ती म्हणाली. "हरलास तर तूच जाऊन सांगायचं त्यांना. मी येणार नाही सोबत."

मग तो हिवाळा. पडवीत गारठ्यानं पाना हाताला चिकटायचा, म्हणून साइडकार सोडवून तिथंच ठेवली आणि मुख्य धूड दिवाणखान्यात आणलं, सोफा आणि टीव्हीच्या मधोमध. आस्टाची अट एकच, गालिच्यावर तेलाचा थेंब नको. विलीच्या खिशात वाऱ्याशिवाय काही नव्हतं, पण डोकं फुकटातलं होतं. जाम झालेले पिस्टन डिझेलमध्ये भिजत घातले आणि देवावर सोपवले. कार्ब्युरेटर मुरंब्याच्या पातेल्यात उकळला. त्या वर्षीच्या मुरंब्याला जरा वेगळीच चव आली. गॅस्केट ओटच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापली. शाळेतला उड्या मारायचा जुना लाकडी घोडा मोडीत निघाला होता, त्याचं कातडं सीटला लागलं. रंग फेरीबोटीचा उरलेला काळा, ब्रशनंच मारला. लांबून बघितलं तर झकास दिसायचा, आणि जवळून बघायला विली कुणाला येऊ देत नव्हता.

एप्रिलात गाडी अंगणात काढली. किक, किक, खोकला, आणि मग घूं करून जो आवाज लागला, त्यानं केटी हातातलं विणकाम घेऊन रस्त्यावर आली. आस्टा खिडकीत उभी होती. ती हसली, हे विलीनं बघून ठेवलं.

आणि थोड्याच वेळात भुंगा गप्प.

ह्या गाडीची एक खोड आहे. डायनॅमो इंजिनाच्या पुढ्यात उभा बसवलेला असतो आणि त्याच्याच दांड्यावर वरची यंत्रणा फिरते. तेल अडवणारी मधली चकती थकली की वरचं तेल झिरपत खाली डायनॅमोत येतं आणि वीज मरते. नवी चकती घ्यायला विली सुट्या भागांच्या दुकानात गेला. दुकानदार होल्गरच्या बायकोचा भाऊ. त्यानं डोळ्याला डोळा न देता सांगितलं, संपल्यात, हिवाळ्यापर्यंत काही यायच्या नाहीत.

विलीनं बुटाचं कातडं लावून बघितलं, बाटलीचं बूच लावून बघितलं. तेल दोघांनाही हसत खाली यायचं. हवं होतं घट्ट, चांगल्या प्रतीचं फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा नमदा, जुन्या काळातला. आणि तसलं फेल्ट घरात एकाच ठिकाणी होतं. कपाटावरच्या गोल खोक्यात. आस्टाची निळी टोपी, लग्नाच्या दिवशी गाडीवर बसताना घातलेली.

विली तिच्याकडे बराच वेळ बघत बसला. आजवर त्यानं इतक्या लोकांना टोपी घातली होती, पण बायकोची टोपी कापायची म्हणजे कात्री उचलवेना. शेवटी त्यानं मनाशी हिशेब केला की पंचवीस वर्षांत हे खोकं उघडलेलं आपण पाहिलेलं नाही. कात्री घेतली. मागच्या बाजूनं एक गोल चकती काढली, टोपी पुन्हा कागदात गुंडाळली, खोकं होतं तिथं ठेवलं. डायनॅमो कोरडा राहिला, आणि गाडी पुन्हा दिवाणखान्यात गेली.

आता होल्गर गप्प बसणार नाही हे विलीला समजत होतं. त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, एवढाच विचार करायचा होता. आमच्याकडे कमान आदल्या संध्याकाळी बांधतात आणि ज्यांची पंचविशी, त्यांनी पडदे ओढून आत बसायचं, दारावर हातोडे पडत असले तरी झोपेचं सोंग घ्यायचं. सकाळी गाण्यानं उठवेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणजे सगळा गाव जागा आणि विली आत कोंडलेला. होल्गरला ह्याहून आयतं काय हवं?

तसंच झालं. होल्गरनं कमानीला असले जाडजूड खांब ठोकले की मधून माणसानंही अंग चोरून जावं, मग गाडीची काय कथा. मागच्या दाराशी सकाळच्या न्याहारीची टेबलं आणि बाकं एकावर एक रचून ठेवली, कुणाला लागू नयेत म्हणून म्हणे. मग पडद्याच्या फटीतून दिवाणखान्यात डोकावला. सोफ्याशेजारी चादरीखाली धूड होतं. आतून विलीचं घोरणं ऐकू येत होतं. होल्गर समाधानानं घरी गेला.

घोरणं कॅसेटवरचं होतं. कॅसेट आत बसून केटी उलटवत होती. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिनं एक बातमी पोटात ठेवली होती आणि त्यानं तिचं पोट दुखत होतं. चादरीखाली इस्त्रीची फळी, सायकलचं हॅन्डल आणि व्हॅक्यूम क्लीनर. आणि निम्बस ज्या कारखान्यातून यायची, तो व्हॅक्यूम क्लीनरही त्याच कारखान्याचा, तेव्हा एका अर्थी भुंग्याचा सख्खा भाऊच होल्गर बघून गेला. खरी गाडी आठवड्यापूर्वी फेरीबोटीच्या सामानाच्या टेम्पोतून लॉरिट्सच्या घरी पोचली होती, आणि कमानवाले यायच्या आत नवराबायकोही.

सकाळी लॉरिट्सच्या अंगणात धुकं होतं. साइडकार जोडली होती. म्हाताऱ्यानं काळी उंच टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि गुडघ्यांना शिव्या देत साइडकारमध्ये उतरला. कोंबडी त्याच्या पायाशी. एवढ्यात आस्टा घरातून आली. हातात गोल खोकं.

विलीला घाम फुटला. हे खोकं घरून आणलेलं त्यानं पाहिलंच नव्हतं.

"त्या दिवशी घातली होती, आजही घालावी म्हटलं," आस्टा म्हणाली. कागद सोडला. टोपी वर धरली. भोकातून पलीकडचं सफरचंदाचं झाड दिसत होतं.

लॉरिट्सनं साइडकारमधून वाकून त्या भोकातून बघितलं. कोंबडीनंसुद्धा.

"हे कुठंय?" आस्टानं विचारलं, म्हणजे जे कापलं ते.

विलीनं डायनॅमोकडे बोट दाखवलं. काहीतरी थाप मारावी असं जिभेवर आलं होतं, पण बाहेर आलं ते खरंच. "दुसरं काही टिकत नव्हतं गं. होल्गरला गाडी द्यायची नव्हती."

आस्टानं टोपीत बोट घातलं, भोकाच्या कडेवरून फिरवलं. कड नीट, गोल कापली होती.

"हे टिकतंय?"

"आतापर्यंत तरी."

तिनं टोपी डोक्यावर ठेवली, भोक पुढे करून, सगळ्यांना दिसेल असं. "मग काढ गाडी. रस्त्यात बंद पडली तर ही तू घालायचीस. चर्चला जाताना. जन्मभर."

पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्या किकला काही नाही. लॉरिट्स म्हणाला, "जावईबापू, पेट्रोलचा नळ." विलीनं नळ उघडला, भुंगा घुमला, आणि पुढचा सगळा चढ तो एका सुरात घुमत राहिला. विलीचं लक्ष रस्त्यावर कमी, डायनॅमोवर जास्त. आस्टाचे हात त्याच्या कमरेला होते. पडायच्या भीतीनं नव्हते, हे त्याला वळणावर कळलं, कारण वळणावर ती हसत होती.

घरासमोर सगळा गाव जमला होता, पाठी रस्त्याकडे, तोंडं कमानीकडे. तुतारीवाला गाल फुगवून वाजवत होता आणि लोक बंद दारासाठी लग्नाचं गाणं म्हणत होते. मधेच सूर उतरला की आतलं घोरणं ऐकू यायचं. होल्गर पुढे उभा, नवा सूट, खिशाला फूल, घड्याळावर डोळा. शेवटचं कडवं सुरू झालं.

तेवढ्यात मागून घूं ऐकू आलं.

आधी मागची रांग वळली, मग मधली. गाणं तुटलं नाही, उलट चढलं. लोक वळून रस्त्याकडे तोंड करून शेवटच्या ओळी बेंबीच्या देठापासून म्हणू लागले. गाडी थेट घरासमोर येऊन उभी राहिली, चालू. साइडकारमध्ये धुरांडीवाला, राजासारखा हात हलवत. धुरांडीवाला सकाळी दिसला की दिवस चांगला जातो असं आमच्यात मानतात, म्हणून बायाबापड्या त्याला हात लावायला धावल्या. म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि काजळी गेली डोळ्यात असं सांगितलं. त्या गाडीत काजळी कित्येक वर्षांत नव्हती.

होल्गर दारातल्या घोरण्याकडे बघत होता आणि रस्त्यावरच्या विलीकडे. मग त्यानं खाली वाकून डायनॅमोखाली बोट फिरवलं. बोट कोरडं.

"चकती कुठली?" त्यानं विचारलं. "दुकानात तर नव्हती."

"हो ना, तुझ्या मेव्हण्यानं सांगितलं मला," विली म्हणाला.

आस्टानं नुसतं डोकं पुढं केलं. होल्गरला त्या भोकातून तिचे पांढरे झालेले केस दिसले. त्याला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तो इतका हसला की खिशाचं फूल गळून पडलं. मग, पैज ती पैज, लॉरिट्सना दोघांनी हात धरून उतरवलं आणि होल्गर नव्या सुटासकट साइडकारमध्ये बसला. कोंबडी मांडीवर घेतली. कोंबडीनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पंख पसरून ठाण मांडलं.

विली किक मारायला सरसावला, तर आस्टानं त्याला कोपरानं बाजूला सारलं.

"तू उतर. बाबांची गाडी आहे, मी नेते."

आणि गेलीसुद्धा. धुरांडीवाल्याची पोर ती, विलीच्या आधीपासून तिला ही गाडी येत होती. भुंगा चर्चच्या बाजूला वळला, होल्गर एका हातानं कोंबडी आणि दुसऱ्या हातानं गावाला नमस्कार सांभाळत होता, आणि सगळा गाव त्यांच्या मागं पळाला.

विली कमानीखाली एकटाच उरला. अंग चोरून आत शिरायला गेला, तर पोटाशी अडकला. दार उघडलं. केटी उभी होती, हातात टेपरेकॉर्डर, रात्रभर दाबलेल्या बातमीनं चेहरा लालबुंद.

"विली," ती म्हणाली, "आता हे घोरणं बंद करू का?"

विलीनं अडकल्या जागेवरून रस्त्याकडे कान दिला. भुंगा लांबून घुमत होता, न थांबता.

"राहू दे जरा," तो म्हणाला. "माझी झोप व्हायचीय अजून."