शेजारणीची पानं

सासूबाईंचा चांगुलपणा एक दिवस आम्हाला नडणार, हे मी लग्न होऊन आले तेव्हाच ओळखलं होतं. तो इतका महाग पडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आमचा चहाचा मळा म्हणजे घरामागचा एक उतार, बस्स. असेच छोटे मळे असलेल्यांनी मिळून सोसायटी काढली आणि खटपट करून रास्त व्यापाराचा शिक्का मिळवला. शिक्क्यामुळे पानांना बरा भाव यायचा आणि वर गावासाठी वेगळी रक्कम मिळायची. त्या रकमेतूनच शाळेशेजारच्या खोलीत नर्सबाई आल्या. माझ्या धाकट्या जावेची आधीची दोन्ही बाळं शहरातल्या दवाखान्याच्या वाटेवरच दगावली होती. या खेपेला नर्सबाई तिच्या पोटाला नळी लावून ठोके ऐकायच्या, तिलाही ऐकवायच्या. मग ही घरी येऊन ते ठोके आम्हाला तोंडाने वाजवून दाखवायची. एरवी चार शब्द बोलायची मारामार!

शिक्क्याची अट साधी होती. औषध मारलेलं पान सोसायटीत आणायचं नाही.

पलीकडची काकू सोसायटीत नव्हती. ती घसरून पडली आणि तिचा पाय मोडला. आमच्याकडे कुणी अंथरुणाला खिळलं की ज्याची खुडणी आधी उरकेल त्याने तिकडची झुडपं खुडून द्यायची, ही जुनी रीत आहे. कोवळं पान कुणासाठी थांबत नाही, लगेच निबर होतं. सासूबाईंनी काकूची पानं खुडली आणि तिलाही चांगला भाव मिळावा म्हणून आमच्याच टोपलीत टाकली. काकूच्या मुलाने किडीसाठी फवारणी केली होती. सासूबाईंनी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

तपासनीस आला आणि ढिगातून मूठभर पान घेऊन गेला. माणूस भला होता, आवाजसुद्धा चढवला नाही. पुन्हा आला तेव्हा त्या पानात औषध सापडलं म्हणून शिक्का काढून घेतल्याचं तेवढं सांगून गेला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं अख्ख्या गावाचं झालं. मी संतापाने सासूबाईंना नाही नाही ते बोलले.

"मग काय, तिची पानं झाडावर वाया जाऊ देऊ?" त्या म्हणाल्या.



पुढे पगाराला पैसे उरले नाहीत आणि नर्सबाई पेटी बांधून गेल्या. जरा शंका आली तरी शहर गाठ, असं जावेला बजावून गेल्या. शहर काय आमच्या परसात आहे?

आज सकाळी मी टोपली पाठीला लावत होते, तेवढ्यात जाऊ दारात येऊन उभी राहिली.

"ताई, कालपासून हललं नाहीये."

नवऱ्याला गाडी बघायला पिटाळलं, तिला आडवं केलं आणि पोटाला कान लावला. मला त्यातलं काय कळतंय? माझंच काळीज धडधडत होतं, दुसरं काही ऐकू येईना. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. ठोके लागतायत का, असं त्यांनी विचारलं.

"लागतायत," मी म्हणाले.

जावेने माझा हात घट्ट धरला.

"कसे? वाजवून दाखवा ना, ताई."