कोरा समास

वकिलाने पेपर टेबलावर पालथा ठेवला आणि 'बस' म्हणायची वाट न बघता खुर्ची ओढून बसला.

"मॅडम, मार्कांबद्दल बोलायचंय."

आली का पंचाईत, असं मॅडमच्या मनात आलं. शेजारच्या खोलीतल्या सरांनी आधीच बजावलं होतं, "त्या पोराचा पेपर जपून तपासा. एक मार्क कमी पडला तरी म्हणेल, मतं जुळत नाहीत म्हणून कापला."

वकील हे त्याचं टोपणनाव. शिकत होता राज्यशास्त्र, पण वर्गात कुणी तोंड उघडलं की याचं 'हरकत आहे' तयारच. मॅडम संपकऱ्यांच्या सभांत भाषणं करतात हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं आणि वकील त्या सभांची टर उडवतो हेही. मॅडमना मात्र एका गोष्टीचा मनापासून अभिमान होता: तपासताना त्यांचं राजकारण दाराबाहेर असे. पेपराच्या कोपऱ्यातलं नाव दुमडून, त्यावर पिन मारूनच त्या लाल पेन उघडत. अक्षर ओळखू यायचं, मतं तर त्याहून लवकर. पण पिन मारली की मनाला बरं वाटे.

"वीसपैकी सतरा आहेत तुला," त्या म्हणाल्या. "वर्गात सगळ्यात जास्त. आता आणखी कुठे वाढवू?"

"वाढवायचे नाहीयेत."

त्याने पेपर सुलटा केला. प्रश्न होता, संपाचा हक्क कुठे संपतो? चार पानं, प्रत्येक परिच्छेदाला बरोबरची खूण, शेवटी 'छान'. बाकी समास कोराच होता. त्याच्या शेजारी वकिलाने मोबाइल ठेवला. त्यात त्याच्या बाकावरच्या मुलीच्या पेपराचा फोटो होता. वर्गात तिला घोषणा म्हणत, कारण मॅडमच्या प्रत्येक सभेला ती पहिल्या रांगेत. तिच्या पेपरावर लाल शाईचा नुसता सडा पडला होता. 'कशावरून?' 'पुरावा?' 'हे मत तुझं की माझं?' मार्क बारा.

"रडली का ती?" मॅडमनी हळूच विचारलं.

"ती? मिरवतेय! मॅडम माझ्याशी पानभर भांडल्या म्हणून सांगत सुटलीय." वकील आपल्या नखांकडे बघत राहिला. "माझ्याशी तुम्ही भांडलाच नाहीत."

"अरे, पण तुझं उत्तर चांगलं होतं."

"तिसऱ्या पानावर मी थाप मारलीये, मॅडम. आकडा मनानेच टाकलाय. त्यालाही बरोबरची खूण आहे."

मॅडमनी तिसरं पान काढलं. खूण होती, आणि चांगली ठसठशीत होती. त्यांचे कान गरम झाले.

त्यांचा थोरला भाऊही वकिलाच्याच मतांचा. पूर्वी दोघं ताटावर हात वाळेपर्यंत भांडायची. हल्ली विषय निघाला की मॅडम 'असेल, दादा' म्हणून पाणी आणायला उठत. घरात शांतता नांदत होती, आणि दादाचं येणं कमी झालं होतं. आता या चारही पानांवर मॅडमना लाल शाईतलं 'असेल, दादा' दिसू लागलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"दे इकडे." त्यांनी पेन उघडलं. "इथे तू हक्क आणि सवलत यांची गल्लत केलीस."

"हरकत आहे!"

"असू दे. मोठ्याने वाच, तुझं तुलाच कळेल."

त्याने वाचलं, मध्येच अडखळला, पण हार मानली नाही. मग दोघांची चांगलीच जुंपली. एका मुद्द्यावर मॅडमनाही 'थांब, विचार करू दे' म्हणावं लागलं, तेव्हा वकील खुर्चीतल्या खुर्चीत उंच झाला. समास भरला तसं पान आडवं करून लिहिणं सुरू झालं. शेवटी त्यांनी सतरावर काट मारली.

"अकरा?" वकील ओरडला. "घोषणापेक्षा कमी?"

"थापेचे कापले. ते काही माझं राजकारण नव्हे."

तो पेपर वाचत वाचतच निघाला आणि दारावर आपटला. वळून बघितलंही नाही त्याने.

मॅडम हसल्या, आणि आवराआवर करायला त्यांनी कपाट उघडलं. आत दुसऱ्या तुकडीचे पेपर होते, तपासलेले, उद्या सकाळी वाटायचे. त्यांनी गठ्ठा काढून टेबलभर पसरला. सगळे कोपरे दुमडलेले, सगळ्या पिना जागच्या जागी, एकही नाव दिसत नव्हतं. काही पेपर लालभडक होते, काही स्वच्छ. कोण कोणत्या बाजूचं, ते दारात उभं राहूनही सांगता आलं असतं.

"मॅडम, कुलूप लावू?" शिपाईमामा किल्ल्या वाजवत आले.

"किल्ली ठेवून जा, मामा. मला वेळ लागेल."

त्यांनी सगळ्यात स्वच्छ पेपर पुढे ओढला आणि पहिल्याच ओळीशेजारी लिहिलं, 'कशावरून?'