वघईचं शूटिंग

सुरतेतल्या उधन्याच्या त्या गल्लीत चिंधाला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोर त्याला ‘डायनासोर’ म्हणत, आणि तोही खुशाल ओ देई.

तो लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारीगर होता, मूळ अमळनेरकडचा. चौऱ्याण्णव साली डायनासोरांचा इंग्रजी सिनेमा हिंदी बोलत सुरतेत आला, तो त्यानं चौदा वेळा पाहिला. पाळ्या बदलून घेऊन पाहिला, ताप अंगात असताना पाहिला. सिनेमा उतरला तरी चिंधाच्या डोक्यातून तो उतरला नाही. पेपरात, रद्दीत, वडापावच्या कागदावर जिथं म्हणून त्या जनावराचं चित्र दिसे, तिथून तो ते कापून आणी. शूटिंग कुठल्याशा बेटावर झालं असं त्यानं वाचलं होतं. ते बेट त्यानं मुलीच्या शाळेच्या नकाशात शोधून काढलं आणि त्याभोवती पेनानं गोल केला. तिथं जाणं या जन्मी होणार नाही हे त्यालाही कळत होतं. म्हणून जिथं जाता येईल तिथं तो जाई. वसईकडं एका दगडाच्या खाणीत कुणीतरी रबराचा डायनासोर घेऊन हिंदी सिनेमा काढत होतं. पॅसेंजर पकडून तो तिथं पोचला तेव्हा शूटिंग संपून महिना झाला होता. खाणीतला रबराचा एक हिरवा तुकडा घेऊन तो परत आला आणि आठवडाभर गल्लीत दाखवत फिरला.

रंजना त्याची एकुलती एक मुलगी. उधन्यातल्या मराठी शाळेत दहावीला होती आणि इंग्रजीत वर्गात पहिली. बापाचं हे वेड तिला सुरुवातीला आवडायचं. पण आठवीत असताना तो पालकसभेला आला आणि मुख्याध्यापिकाबाईंनी सहज काही विचारलं, तर भर वर्गात हात पोटाशी दुमडून त्यानं डायनासोरची डरकाळी फोडून दाखवली. त्या दिवसापासून मुली तिला ‘अंड्यातून निघालेली’ म्हणू लागल्या. घरी सगळे अहिराणी बोलत, रंजना मात्र हट्टानं शाळेचं मराठी बोले. आपण या घरातल्या नाही, हे तिला कसंही करून दाखवायचं होतं.

शहाण्णव सालच्या श्रावणात योगराज तिला शाळेच्या रस्त्यावर भेटला. योगराज म्हणजे चिंधाच्या खात्यातला मास्तर, पंचवीस कारीगरांवर हुकूम चालवणारा, आणि त्यांच्याच तालुक्यातला.

“तुझी इंग्रजी लई जोरात आहे म्हणे,” तो म्हणाला. “एक पत्र लिहून दे. सिनेमाच्या कंपनीचं. तुझ्या बापाला मजा दाखवू.”

“कसली मजा?”

“त्याला डायनासोरच्या पिक्चरमध्ये घेतलंय म्हणून लिही. डांगात, वघईच्या जंगलात शूटिंग आहे. दोन दिवस खूश होईल बिचारा, मग आपणच सांगून टाकू.”

रंजनाला ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण मधल्या सुट्टीतलं मुलींचं हसणं तिच्या कानात होतं, आणि बाप एकदाचा तोंडावर आपटला तर कदाचित हे सगळं थांबेल, असं तिला वाटलं. तिनं पत्र लिहिलं. योगराजनं सांगितलं नव्हतं तरी एक वाक्य तिनं पदरचं घातलं : ‘या प्राण्यांबद्दल तुमच्याइतकं जाणणारा माणूस आम्हाला भारतात दुसरा सापडला नाही.’

योगराजनं ते टाइप करून घेतलं आणि वर लाल शिक्का मारला. चार दिवसांनी चिंधा ते पाकीट दोन्ही हातांत धरून घरी आला आणि रंजनाला म्हणाला,

“माय, वाचीसन सांग. काय लिखेल शे?”

तिनं वाचून मराठीत सांगितलं. त्यानं तीनदा वाचायला लावलं. त्या एका वाक्यापाशी तो दरवेळी डोळे मिटून घेई. मग बायकोला म्हणाला, “मालती, दखं ना? इतला दूरना लोकस्ले मालूम शे.” मालतीबाईंनी पत्र देवापुढं ठेवून कुंकू लावलं. रंजना मोरीत जाऊन उगाच भांडी विसळत बसली.

सुट्टीच्या दिवशी चिंधा पहिल्या बसनं वघईला निघाला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. रंजनाला त्यानं बरोबर घेतलं. साहेब लोक इंग्रजी बोलणार, आपल्याला समजवून सांगायला पोरगी हवी, असं त्याचं म्हणणं. वाटेत रंजना त्याच्या शेजारीच बसली होती. आता सांगावं, आता सांगावं, असं करता करता वघई आलं.

धबधब्याच्या अलीकडं नदीकाठी टेम्पो उभा होता. योगराज आणि खात्यातले आठ-दहा जण ‘कंपनीची माणसं’ होऊन बसले होते. त्यांना पाहून चिंधा क्षणभर थबकला.

“आम्हाला पण कामाला घेतलंय, तुझ्या ओळखीनं!” योगराज म्हणाला. चिंधानं त्याचे दोन्ही हात धरले.

साहेब म्हणून काशिनाथ होता. नंदुरबारकडचा लग्नाच्या कॅसेटी काढणारा माणूस, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा. चिंधानं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

“पन जनावर कोठे शे?” एकानं मुद्दाम विचारलं.

“तो आते नई ऱ्हास,” चिंधा समजावून सांगू लागला. “आगोदर मानूस पळस. जनावर मांघून कॉम्प्युटरवर टाकतंस.”

लोकांनी तोंडं फिरवली. कुणाला हसू आवरेना.

काशिनाथनं हात उंचावला आणि साहेबी थाटात भरभर म्हणाला, “व्हेरी गुड टेबल! नो पार्किंग, मंडे ट्युसडे, ओके?”

चिंधा आशेनं रंजनाकडं वळला. “काय म्हनस साहेब?”

सगळे तिच्याकडं पाहत होते. योगराजनं डोळा मारला. रंजना म्हणाली, “साहेब म्हणतात, त्या बांबूंमधून डायनासोर निघालाय. पळा.”

चिंधा पळाला. ओल्या दगडांवरून, चिखलातून, मागं वळून वळून पाहत. चाळिशी उलटलेला माणूस, त्याची चप्पल तुटली तसा तो अनवाणी पळाला. लोक पोट धरून लोळत होते. त्याला वाटलं, वाहवा चाललीय.

दुसऱ्यांदा पळाला. पाचव्यांदा पळाला. साहेब काहीही बरळे आणि रंजना त्याचा अर्थ लावी. सरपटा. झाडाला मिठी मारा. पाया पडा त्याच्या. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता. पुढं पुढं तो कापेनासा झाला. तिनं सांगावं आणि बापानं करावं, यात तिला एक वेगळीच चव लागली होती, आणि प्रत्येक वेळी हसण्याचा लोंढा यायचा तो जणू तिच्यासाठीच. वर्गात कधी तिच्यामुळं कुणी असं हसलं नव्हतं.

सातव्या वेळी तो धापा टाकत समोर उभा राहिला. “आते काय म्हनतंस?”

काशिनाथ म्हणाला, “हॅपी बर्थडे पोस्टमन.”

“साहेब म्हणतात,” रंजना म्हणाली, “त्यानं तुमच्या मुलीला तोंडात धरलंय.”

चिंधानं बांबूंकडं पाहिलं. यावेळी तो पळाला नाही. तिथला एक दगड उचलून तो थेट बांबूंवर धावून गेला. “सोड! सोड तिले! माले ले, मन्ही पोरले सोड!” असा ओरडला की टेम्पोचा ड्रायव्हर उठून उभा राहिला. रिकाम्या हवेत दगड मारत, हातांनी काहीतरी ओढून काढत तो पुढं गेला, शेवाळावरून घसरला आणि तोंडावर पडला. उठला तेव्हा पुढचे दोन दात नव्हते. शर्ट लाल झाला होता.

कुणीच हसलं नाही. मग योगराजनं टाळी वाजवली, आणि सगळ्यांनी वाजवली.

“बरं जयं ना?” चिंधानं रंजनाला विचारलं. रक्तामुळं त्याचे शब्द नीट येत नव्हते.

“हो, बापू,” ती म्हणाली.

दोन दिवसांनी सांगून टाकू म्हणाला होता योगराज. त्यानं सांगितलं नाही. रंजनानंही नाही. चिंधा मात्र गल्लीभर सांगत सुटला की गणपतीत पहिल्यांदा आपल्या मंडळातच कॅसेट दाखवणार आहेत.

पाचव्या दिवशी आरतीनंतर मांडवात टीव्ही लागला. चिंधा आणि मालतीबाई पुढच्या सतरंजीवर, दोघंही नव्या कपड्यांत. कॅसेट सुरू झाली. काशिनाथनं मागं एका विनोदी गाण्याची धून घातली होती. पडद्यावर एक माणूस रिकाम्या नदीकाठी आरडाओरडा करत पळत होता, आणि मागून साहेबाचा आवाज स्पष्ट येत होता : व्हेरी गुड टेबल, नो पार्किंग. इंग्रजी न कळणाऱ्यांनाही तेवढं कळत होतं. मांडव हसून फुटायची वेळ आली.

चिंधा अजूनही जनावर यायची वाट पाहत होता. मग त्याच्याच खात्यातल्या कारीगरांचं खिदळणं टीव्हीतून ऐकू आलं. तो हळूहळू मागं वळला.

तेवढ्यात योगराजनं माइक घेतला. “आणि ज्यांनी ते इंग्रजी पत्र लिहिलं, त्या आपल्या लेखिका कुमारी रंजना चिंधा यांच्यासाठी जोरदार टाळ्या!”

टाळ्या पडल्या. शाळेतल्या मुलीही होत्या, त्यांनीही वाजवल्या. रंजना खांबाला धरून उभी होती. बापानं तिला गर्दीतून शोधलं आणि बराच वेळ पाहिलं. मग तो उठला, मालतीबाईंना उठवलं, आणि कुणालाही धक्का न लागू देता मांडवाबाहेर गेला.

घरी त्यानं हात उगारला नाही. मार बसला असता तर बरं झालं असतं, असं रंजनाला पुढं कितीदा वाटलं. तो बायकोला म्हणाला, “तिले सांग, शाळा पुरी जयी. सकायथून तुन्हासंगे कामले बसजो.”

“पाया पडते, बापू,” रंजनानं त्याचे पाय धरले. “चुकले मी. परीक्षेला पाच-सहा महिने राहिलेत.”

त्यानं पाय सोडवून घेतले. जसे गर्दीत एखाद्या अनोळखी माणसाच्या पायांत अडकलेले आपले पाय सोडवून घ्यावेत, तसे.

दुसऱ्या दिवसापासून ती मालतीबाईंबरोबर साड्यांना टिकल्या चिकटवायला बसली. शाळेतून बाई दोनदा येऊन गेल्या. चिंधानं त्यांना चहा दिला, ऐकून घेतलं, आणि नकार दिला. खात्यात तो पूर्वीसारखाच जाई. योगराजशी कामापुरतं बोले, जेवणाचा डबाही त्याच्याच शेजारी बसून खाई. योगराज बलवान होता, नोकरी त्याच्या हाती होती. रंजनाकडं काहीच नव्हतं. दातांच्या खिडकीमुळं चिंधाचे शब्द फुसफुसत, आणि पोरं त्याला डरकाळी फोडून हाक मारत. तो ओ देईनासा झाला. मुलीशी तो एक शब्दही बोलत नसे. जे सांगायचं ते बायकोला सांगे, रंजना समोर बसलेली असतानाही.

दिवाळीनंतर शिंदखेड्याकडचं स्थळ आलं. मुलगा बत्तीस वर्षांचा, पहिली बायको वारलेली. त्याच्या मामानं रंजनाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “किती शिकनी? इंग्रजी-बिंग्रजी येस का?”

रंजनानं मान वर केली. किती तरी दिवसांनी बाप तिच्याबद्दल काहीतरी बोलणार होता.

“नई,” चिंधा म्हणाला. “तिले काहीच येस नई.”

मामाला ते बरंच वाटलं. माघात हळद लागली.