दरसाल दोन बोटं

केनवडच्या शिवारात शेषरावच्या धुऱ्यावरचा हद्दीचा गोटा चालत होता. गोट्याले पाय नसतात, ते शेषरावले होते. धुऱ्याच्या पल्याड त्याच्या बहिनीचं, हिरीबाईचं वावर. दर उन्हाळ्यात नांगरटीच्या आंधी हा बाबा गोटा दोन बोटं तिच्याकडं सरकवे. दोन बोटं कोनाले दिसतात? पन चाळीस सालांत मानूस आडवा निजंन एवढी पट्टी त्याच्या वावरात आली.

औंदा मे महिन्यात काया मातीले भेगा पडल्या. त्या दरसालच पडतात. पन एक भेग सरळ निघाली, दोरी लावल्यावानी. ती बरोबर बापानं आखलेल्या जुन्या धुऱ्यावरून गेली होती. शेषरावनं भेगंत हात घातला, मंग काठी घातली, मंग विहिरीचं सारं चऱ्हाट सोडलं. बूड लागलं नाई. वर ओढलं त टोक गरम.

नात स्नेहा मालेगावले कालेजात शिके. ती भेगंत वाकून पाहे.

"आबा, आपल्या खालचा काया दगड कुठून आला, माईत हाय? जमीन फाटली अन् फटीतून तापलेला रस वर आला. थरावर थर. त्याच काळात आपल्या जमिनीचा एक तुकडा सुटून समुद्रात दूर गेला."

"एका दिवसात?"

"नाई वो. नखं वाढतात तेवढ्या हळू. सालाले दोन बोटं."

शेषरावनं चऱ्हाट खाली ठेवलं. "आता फाटंन का?"

"इथं आता कायले फाटते? ही नुसती वाळली माती हाय." तिनं चऱ्हाटाचं टोक हातात घेतलं अन् पटकन सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकायीच हिरीबाई आली. तिनं भेग पाह्यली, गोटा पाह्यला, मंग भावाले पाह्यलं.

"भाऊ, बापाचा धुरा तिथं. गोटा माह्या वावरात काय करून राह्यला?"

"गोटा हाय तिथंच हाय. तुह्या डोयात मोतीबिंदू झाला, हिरे."

"मंग चाल हद्द."

जुनी रीत हाय. धुऱ्याची माती डोक्यावर घ्याची, अन् आपन म्हनतो त्या हद्दीवरून चालायचं. मंदी थांबायचं नाई, मांगं पाह्यचं नाई. खोट्याचा निवाडा जमीन करते.

"भेगच हद्द," एवढं म्हनलं असतं त भागलं असतं. पन पट्टी सुटे ना. शेषरावनं टोपीवर माती घेतली अन् गोट्यापासून निघाला.

दहा पावलं काईच नाई. मंग टाचंमांगं आवाज, तुरीच्या वाळल्या शेंगा तडकाव्या तसा.

"आबा, लवकर पाय उचला," लांबून स्नेहा म्हने.

तो टोकाले पोचला अन् वळला. गोट्यापासून त्याच्या टाचंपर्यंत नवी भेग आली होती. तिकडं जुनी भेग आता बैलगाडी मावंन एवढी, तिच्या पल्याड स्नेहा अन् त्याचं घर. मंदात चाळीस सालाची पट्टी, अन् पट्टीवर तो एकटा.

नव्या भेगंच्या पल्याड हिरीबाईनं खाली वाकून बोटं लावली.

"दोनच बोटं हाय, भाऊ," ती म्हने अन् हात पुढं केला. "खरं बोल अन् ये इकडं."

शेषरावनं डोक्यावरची माती उतरवाले हात लावला. माती गरम होती. चाळीस सालाचं खोटं असं एकदम तोंडातून निघते का? त्यानं एकडाव साऱ्या पट्टीवर नजर फिरवली.

तवर दोनाची तीन बोटं झाली होती.