अंघोळ करून आलेली

लुसेटच्या आईच्या, ऑर्पाच्या, छातीत पहाटे पाचला कळ आली, आणि साडेसहापर्यंत आई अंघोळीलाच बसली होती.

"आधी चल," लुसेट दाराबाहेरून सांगत होती. "अंघोळ राहू दे."

"घामट अंगानं डॉक्टरपुढे जाऊ? लोक म्हणतील, ऑर्पाच्या घरात साबण नाही."

डावा हात जड झालाय आणि जबडाही दुखतोय, हे तिनं अंघोळीनंतर सांगितलं. तेसुद्धा मानेला पावडर लावता लावता, वात झालाय म्हणत. मग पलंगाखालून पेटी ओढली. या बेटावर प्रत्येक म्हातारीच्या पलंगाखाली दवाखान्याची पेटी असते. कोरा नाइटगाउन, कोरा टॉवेल, कोऱ्या सपाता, सगळं वर्षानुवर्षं न वापरता ठेवलेलं. घरी ठिगळाच्या झग्यात कोंबड्यांना दाणे टाकणारी बाई दवाखान्यात मात्र लग्नाला निघाल्यासारखी निघते. आईनं चर्चचा निळा झगा घातला, डोक्यावर विग चढवला, विगवर हॅट बसवली आणि आरशात पाहून ती पुन्हा एकदा सरळ केली. लुसेटच्या जिवाची नुसती तगमग होत होती.

गावातलं आरोग्य केंद्र बंद होऊन चार वर्षं झाली होती. तेव्हा मंत्री येऊन सांगून गेला होता की आता ही छोटी छोटी केंद्रं कशाला, एकच मोठं प्रादेशिक रुग्णालय करू, तिथे सगळं मिळेल. सगळं म्हणजे काय ते उत्तरेकडच्या अकरा गावांना पुढे कळलं. सगळे पेशंट तिथे मिळत होते. ॲम्ब्युलन्स एकच होती, आणि ती त्या सकाळी धक्क्यावर उभी होती, कारण पर्यटकांचं मोठं जहाज लागलं होतं. कुणा पाहुण्याला चक्कर आली तर? आईला चक्कर आली तर मिनीबस होतीच. चाळीस मिनिटं वळणांचा घाट, आणि आई मांडीवर पेटी घेऊन ताठ बसलेली.

आठ वाजता दोघी रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीपाशी पोचल्या. आत सिस्टर गिटेन्स होती, पन्नाशीची, डोळ्यांखाली काळं आलेली. कुणाला आधी पाहायचं ते तीच ठरवायची आणि हातात रंगीत कार्ड द्यायची.

"कशा आहात मावशी?"

"बरी आहे, देवाची कृपा," आई म्हणाली.

"बरी कसली?" लुसेट मध्ये पडली. "पाचपासून छातीत दुखतंय तिच्या."

"थोडंसं. वात आहे. ही उगाच घाबरते."

"दारातून चालत आलात ना?"

"म्हणजे काय. पाय दिलेत देवानं."

सिस्टरनं हॅट पाहिली, इस्त्रीचा झगा पाहिला आणि हिरवं कार्ड पुढे सरकवलं. हिरवं म्हणजे बसा, वेळ लागेल.

त्या बसल्या. बाकांवर निदान साठ माणसं होती, त्यात चर्चमधल्या तिघी. आईनं तिघींना मान लववून हसून दाखवलं. नऊ वाजता एक मोटरसायकलवाला आला, गुडघा सोललेला, पण मोठमोठ्यानं सगळ्या सरकारचा उद्धार करत. त्याला पाच मिनिटांत आत घेतलं. लुसेट उठून खिडकीशी गेली.

"सिस्टर, निदान ईसीजीच्या मशीनवर तरी बघा माझ्या आईला."

"मशीन आहे बाई, कागद संपलाय. कागद राजधानीहून यायचाय."

"मग डॉक्टर?"

"एकच आहे. तो आत बाळंतपणात अडकलाय." सिस्टरनं पेन खाली ठेवलं. "तुमची आई बसलीय, बोलतेय. माझ्याकडे इथे कोयत्यानं पोट फाटलेला माणूस आहे. सांगा, कुणाला आधी घेऊ?"

लुसेटला उलट जास्तच संताप आला. तिला सिस्टरशी भांडायचं होतं, पण भांडायला समोर धड एक दुष्ट माणूससुद्धा ठेवला नव्हता. जे दुष्ट होते ते राजधानीत थंड खोलीत बसले होते आणि आजारी पडले की विमानानं मायामीला जात होते.

दहाला ती पुन्हा गेली. तेच उत्तर मिळालं. परत आली तर आई दबक्या आवाजात रागावली.

"किती वेळा उठशील? बिचारी सिस्टर एकटी आहे."

"आणि तू कोण? तू बिचारी नाहीस?"

"मी बसलेय ना नीट."

तेव्हा लुसेटचं लक्ष तिच्या मानेकडे गेलं. पावडरचा चिखल झाला होता. पांढरे ओघळ झग्याच्या कॉलरमध्ये उतरत होते आणि ओठांचा रंग राखेसारखा झाला होता. भर उन्हात बाजारात उभी राहूनही चारचौघांत रुमालानं कपाळ न टिपणारी ही बाई. तिचा हात हातात घेतला तर तो गार होता.

"आई, खाली झोप. जमिनीवर."

"काय?"

"झोप आणि ओरड. नाहीतर कुणी येणार नाही."

"वेड लागलं का तुला? सगळी ओळखीची माणसं बसलीत." आईला दम लागत होता, तरी बोलायची ती बोललीच. "तुझ्या आजीनं नऊ पोरं जन्माला घातली, शेजारणीला आवाज गेला नाही."

"आजीला कार्ड घ्यायचं नव्हतं."

"मी नाही झोपणार."

लुसेट उठली. आधी तिनं हॅट काढली आणि तिच्याबरोबर विगही ओढला. आईचे पांढरे, विरळ केस, चार बारीक वेण्यांत बांधलेले, साठ माणसांसमोर उघडे पडले. ते केस लुसेटनंसुद्धा कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. आईनं दोन्ही हात डोक्याकडे नेले, पण डावा अर्ध्यावरच थांबला. लुसेटनं झग्याची पुढची बटणं तोडली, ती फरशीवर उडाली. मग काखेत हात घालून तिनं आईला बाकावरून खाली ओढलं, फरशीवर आडवं केलं आणि स्वतः घसा फाटेस्तोवर ओरडायला लागली.

"अगं, आईला मारते ही!" चर्चमधली एक जण उठून उभी राहिली. "कुणीतरी धरा तिला!"

वॉचमननं लुसेटचा दंड पकडला. दोन बायकांनी तिला मागे खेचलं, एकीनं तिच्या थोबाडीत दिली. सिस्टर गिटेन्स खिडकीमागचं दार उघडून धावत आली. म्हातारीला या पोरीच्या तावडीतून सोडवायलाच ती आली होती, चेहऱ्यावर तेच होतं. ती गुडघ्यावर बसली, आईचा झगा सारखा करायला तिनं हात पुढे केला आणि तो छातीवरच थांबला. तिनं मानेला बोटं लावली. मग तिनं वर न बघता आत हाक मारली, स्ट्रेचर आणा, डॉक्टरला बाळंतपणातून बाहेर काढा, आत्ता.

दुपारी दोनला तरुण डॉक्टर बाहेर आला. क्युबात शिकून आलेला, बाहीवर रक्ताचे डाग. हृदयाचा मोठा झटका होता, म्हणाला, औषध दिलंय, वाचल्या. वर विचारलं, "इतका उशीर का केलात आणायला?"

लुसेटनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या गालावर पाच बोटं अजून उठलेली होती.

"आठ वाजल्यापासून तुमच्या बाकावर आहे ती," ती म्हणाली. "हिरवं कार्ड घेऊन. अंघोळ करून आली होती ना, म्हणून."

डॉक्टरनं दार उघडून धरलं. आत जा, एवढंच म्हणाला.

आईला खिडकीजवळची खाट मिळाली होती. चादर तिनं कपाळापर्यंत ओढून घेतली होती, केस दिसू नयेत म्हणून. वॉर्डातली नर्स कागद भरत होती.

"सोबत कोण आहे, मावशी? मुलगी ना तुमची?"

आईनं लुसेटकडे पाहिलं. नजर अगदी स्वच्छ होती, औषधाची गुंगी वगैरे काही नाही.

"मला कुणी नाही," ती म्हणाली. "मी एकटीच आले."

नर्स गोंधळून लुसेटकडे बघायला लागली.  आईला, मंत्र्याला, त्या मशीनच्या कागदाला, सगळ्यांना एकदमच शिव्या द्याव्यात असं लुसेटला वाटलं. पण खाटेवर आईची छाती वरखाली होत होती. तिनं स्टूल ओढलं आणि बसली.

"लिहा, कुणी नाही," ती नर्सला म्हणाली. "ती म्हणते ते लिहा."