झोळीतला अनोळखी फोन

मी झोळी बोलतेय. आमच्या डोंगरात मला बिलुम म्हणतात. एल्माने पोटुशी असताना मला विणलं. माझा पट्टा कपाळाला लावून ती मला पाठीवर वागवते. माझ्यात रताळी असतात, बाळ असतं आणि घरातला एकुलता एक फोनही.

गेल्या वर्षी दवाखान्यात सिस्टर बोमाईने तिला एक बारीक काडी दिली. मला बघूनच शंका आली. "पडद्याआड जा, आतून तुझ्याच हाताने फिरवून आण," सिस्टर म्हणाली. "गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर व्हायच्या आधी कळतो. काही निघालं तर फोन करीन, तेव्हा यायचं हं."

एल्माची आई त्याच दुखण्याने गेली होती. एल्माने पडद्याआड जाऊन काडी फिरवून आणून दिली.

मग फोन वाजू लागला. अनोळखी नंबर. आमच्याकडे रिकामटेकडे पुरुष वाटेल तो नंबर फिरवतात, बाईचा आवाज आला की मैत्री जुळवायला बघतात. त्यापायी कितीतरी घरं मोडलीत. एल्मा उचलायचीच नाही.

तिसऱ्यांदा तिच्या नवऱ्याने, काउपाने, माझ्यात हात घालून फोन काढला. "कोण रे तू?"

"दवाखान्यातली सिस्टर. एल्माला द्या."

"काय काम?"

"ते तिलाच सांगेन, भाऊ."

त्याने फोन बंद केला. "तुझ्या फोनवरच्या मित्राने त्याच्या बहिणीला बोलायला बसवलंय. मला शिकवतो."

"सिस्टरच आहे ती. मला जायला हवं."

"चल, मीही येतो. बघू तुझ्या सिस्टरला दाढी आहे का."

दवाखान्याच्या बाकावर सगळ्या बायाच. एल्मा आत गेली, मी बाळासकट काउपाच्या मांडीवर. शेजारची म्हातारी म्हणाली, "पट्टा आम्हा बायांसारखा कपाळाला लाव की बाबा, शोभेल."

तो दाराकडे टक लावून बसला. कुणी पुरुष येईना. "एवढा वेळ काय चाललंय आत?" त्याने तीनदा विचारलं. पहिल्यांदा रागाने. तिसऱ्यांदा आवाज अगदी बारीक झाला होता.

एल्मा बाहेर आली. "कॅन्सर आणणारा जंतू निघाला होता. खराब झालेला भाग गरम टोकाने जाळून टाकला. कॅन्सर नाही झालेला. पण वर्षाने पुन्हा तपासायचं, सिस्टर फोन करेल, चुकवायचं नाही."

काउपा उठला. घरापर्यंत मला त्यानेच खांद्यावर घेतलं.

आता माझा रंग उडालाय, तळाला भोक पडलंय. लहान आहे तोवर सांधते, म्हणते एल्मा. नव्या माणसावर माझा अजूनही पटकन विश्वास बसत नाही. तरी सांगते बायांनो, दवाखान्याचा फोन टाळू नका.

काल माझ्यात फोन वाजला. पुन्हा नवाच नंबर. काउपाने तो काढला, बघितला. माझा जीव मुठीत.

त्याने फोन एल्मापुढे धरला. "उचल. वर्ष झालं."