शून्याचा दगड

मी एक जुना आणि आखूड राज्यमार्ग आहे. नदीवरच्या पुलापाशी सुरू होतो आणि बाजारगावच्या घड्याळापाशी संपतो. मित्रांनो, मोठ्या नकाशात मला शोधायला गेलात तर बोटाखाली झाकला जाईन. पण तेवढ्यातही मला क्रमांक होता, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

आधी मी बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांचा होतो. मग बायामाणसांनी उन्हात बसून माझ्यासाठी खडी फोडली. रोलर डुलत डुलत अंगावरून गेला, डांबर पडलं आणि एके सकाळी माझ्या कडेला पांढरे-पिवळे दगड उभे राहिले. प्रत्येकावर माझा क्रमांक आणि बाजारगाव किती दूर ते लिहिलेलं. शेवटच्या दगडावर, घड्याळाखाली, माझा क्रमांक आणि शून्य. म्हणजे, पोहोचलात!

वीटभट्टी, शाळा, लाकडाची वखार, असं करत मी तळ्यापाशी यायचो. तिथं मला मोठा वळसा घ्यावा लागे. ट्रकवाले त्या वळशाला शिव्या घालत. तळ्याच्या टोकाला पंक्चरताईचं दुकान होतं, तिला मात्र तो वळसा प्यारा. वळताना वेग कमी होई, आणि वेग कमी झाला की माणसाला टायरमधली हवा आठवते.

मग धाकटा आला. सगळे त्याला बाह्यवळण म्हणत. नावात वळण, पण अंगात एकही नाही! पुलापासून निघाला तो तळ्यात भराव टाकून थेट घड्याळापाशी. काळाकुळकुळीत, मधोमध पांढरी रेघ, रात्री चमकणारे दिवे. बस त्याच्याकडे गेली. ट्रक गेले. शेजारून त्यांचा आवाज येई आणि माझ्या अंगाची नुसती आग होई. भरावाला एखादी तरी भेग पडावी, असं मी रोज मनात म्हणे.

तेही सोसलं असतं. पण एक दिवस मुकादम गडी घेऊन आला आणि माझे दगड उपटायला लागला.

पंक्चरताई हातातला टायर टाकून बाहेर आली. "काका, हे काय चाललंय?"

"क्रमांक आता नव्या रस्त्याचा. दगड तिकडं लावायचेत."

"आणि ह्याची डागडुजी?"

"ज्याचा क्रमांक, त्याचं डांबर," मुकादम म्हणाला. "तुझं काय बिघडतंय? खड्डे पडले की तुझाच धंदा."

"गाड्या आल्या तर पंक्चर होणार ना! हवेचं पंक्चर काढू का मी?"

गडी हसले. मला हसू आलं नाही. क्रमांक गेलेल्या रस्त्याचं काय होतं, ते मला ठाऊक होतं. आधी खड्डे, मग गवत, मग कोणीतरी आडवं कुंपण घालतं.

घरोघरी थोरल्याचे कपडे धाकट्याला घालतात, तसे माझे दगड त्याच्या अंगावर चढले. गड्यांनी पुलापासून ओळीनं, नेमक्या अंतरावर ते पुरले. पण माझा वळसा कोणाच्या ध्यानातच आला नाही. धाकटा माझ्यापेक्षा आखूड! घड्याळ आलं, तरी दगड म्हणत होता, बाजारगाव अजून एक किलोमीटर. आणि शून्याचा दगड ट्रॉलीत तसाच पडून.

माझे कपडे त्याला ढगळ झाले, मित्रांनो! इतका आनंद मला डांबर पडलं तेव्हाही झाला नव्हता.

मुकादम डोकं खाजवत माझ्यावरूनच परतला. "ताई, हा एक उरला बघ. परत नेला तर साहेब विचारणार, कसा उरला."

"मग इथं पुरा. गिऱ्हाइकाला बसायला होईल."

"अगं, शून्याचा आहे हा. रस्ता संपला असा अर्थ होतो त्याचा."

"माझ्या दारात आलेला माणूस पोहोचलाच की!"

दगड वळशावर, तिच्या दारात उभा राहिला. माझा क्रमांक त्याच्यावर अजून होता.

पाऊस सरल्यावर डांबराची गाडी पुलापाशी आली. गडी धाकट्याकडे वळणार, तोच मुकादम म्हणाला, "थांबा. शून्याच्या दगडापर्यंत रस्ता आपला, हा नियम आहे ना?"

"हो."

"मग शून्याचा दगड कुठं आहे?"

गड्यांनी वळशाकडे बोट दाखवलं. मग एकानं गाडी माझ्याकडे वळवली.

पंक्चरताईनं हात कमरेवर ठेवून सगळं पाहिलं. "काका, रस्ता गुळगुळीत केलात. आता पंक्चर कोण आणणार?"

"हवा भर," मुकादम म्हणाला.

आता वखारीच्या गाड्या आणि शाळेच्या सायकली पुन्हा माझ्यावरून तिच्या दारापर्यंत येतात. तिथून पुढे बाजारगावापर्यंत मी अजून उसवलेलाच आहे. धाकट्याचे दिवे लागले की आजही पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, धाकट्याला नवं घ्या, जुनंही द्या. पण देताना एकदा थोरल्याकडे बघा. त्याच्या अंगावर काहीतरी राहू द्या.